न वाजण्याचं मोल

मी फोन बोलतोय. एरवी बोलणारे दुसरेच असतात, मी नुसता पोचवतो. पण आज जरा सवड मिळाली आहे, तेव्हा हे चार शब्द माझे स्वतःचे.

दिसायला मी काही खास नाही. काळा, बटणांचा, साबणाच्या वडीएवढा. दुकानाच्या काचेच्या कपाटात माझे चकचकीत भाऊबंद ऐटीत बसलेले असायचे आणि मी आपला खालच्या फळीवर. एके दिवशी एका रुग्णालयाचे व्यवस्थापक आले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "पडला तर फुटतो का हो?"

"फरशी फुटेल, साहेब," दुकानदार म्हणाला. तेवढ्यावर माझं नशीब ठरलं.

रुग्णालयात आल्यावर ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनी माझ्या पाठीवर जखमेला लावायची पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर जाड पेनाने लिहिलं, 'सर्जन'. एवढ्याशा देहाला एवढं मोठं नाव! मी मनातून फुगलो. ते नाव किती जड आहे हे पुढे कळलं.

गावात ऑपरेशन होईल असं ते एकच ठिकाण. सर्जन तिघं. ऑपरेशन थिएटरच्या शेजारी चहाची एक खोली होती, तिथे रोज सकाळी मी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचो. ज्याच्याकडे मी, तो दुसऱ्या सकाळपर्यंत 'ऑन-कॉल'. घरी जायला, जेवायला, झोपायला मुभा; पण मी वाजलो की पाव तासात रुग्णालयात उभं राहायचं. म्हणून गावाची वेस ओलांडायची नाही, घोटभर प्यायची नाही, डोकं आणि हात दोन्ही ताळ्यावर ठेवायचे.

आणि मी वाजलोच नाही तर? तर त्या दिवसाचं काहीच नाही. ऑपरेशन केलं तर त्याचा मोबदला, नुसते थांबलात तर शून्य. हा नियम कोणी केला ठाऊक नाही. जुन्या भिंतीवरचा डाग जसा कोणी पाडला ते कोणी विचारत नाही, तसा तो होता.

माझे पहिले धनी थोरले डॉक्टर. केस पांढरे, आवाज मऊ, आणि खोड अशी की दर थोड्या वेळाने माझं बटण दाबून पाहायचे, जिवंत आहे ना. अंघोळीला जाताना मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे आणि नळ बारीक सोडायचे, पाण्याच्या आवाजात मी ऐकू येणार नाही म्हणून. त्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणायचे. काकू पाहुण्यांना सांगायच्या, "हसायचं असेल तर हळू हसा. आज सवत घरात आहे." सवत म्हणजे मी.

दुसरे लंबू. खरं नाव रुग्णांच्या कागदांवर असेल, पण दाराच्या चौकटीला डोकं आपटणाऱ्या माणसाला चहाच्या खोलीत दुसरं काय म्हणणार? ते माझ्याशी बोलायचे. जेवणाचा पहिला घास घेताना म्हणायचे, "वाजायचं तर आत्ताच वाज रे बाबा, नंतर भरल्या पोटी पळवू नकोस."

आणि तिसऱ्या डॉक्टरबाई. बांधा लहान, चाल भरभर, बोलणं मोजकं. घरी नकाशे काढणारा नवरा आणि छोटी नावाची मुलगी. बाई मला कमरेला लावायच्या, सैनिक हत्यार लावतो तशा.

एका रविवारची गोष्ट सांगतो. छोटी पोहायला शिकली होती आणि आईला दाखवायचं होतं. तिघं तलावावर गेली. बाप-लेक पाण्यात. बाई काठावर, पूर्ण कपड्यांत, पायात बूट, हातात मी.

"आई, ये ना गं पाण्यात!"

"आज नाही, राणी. आज माझ्याकडे फोन आहे."

"मग वाजला की बाहेर ये."

"बाहेर येऊन, अंग पुसून, कपडे करून निघेपर्यंत तिकडे कोणाचं तरी रक्त वाहत असेल."

छोटी काठाला धरून थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आणि नाहीच वाजला तर?"

मी त्या दिवशी वाजलो नाही. ऊन उतरेपर्यंत बाई तशाच बसून होत्या आणि छोटीने पाण्याखालून मारलेला लांब सूर त्यांनी पाहिला तो अर्धाच, कारण नेमकं तेव्हा त्या माझा पडदा बघत होत्या.

मी वाजायचो तेव्हाचंही सांगायला हवं. एकदा गोदामातल्या हमालाच्या पोटावर पेटी कोसळली. बाई जेवायला बसल्या होत्या. मी वाजलो, त्यांनी ऐकलं, एवढंच म्हणाल्या, "रक्ताची सोय करा, मी निघाले." ताटावरून उठल्या, हात धुतला न धुतला, आणि त्याला थिएटरमध्ये आणेपर्यंत त्या टोपी घालून तयार होत्या. पोटात आतल्या आत रक्त साठलं होतं. तो वाचला. पुढे बायकोला घेऊन भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, तुम्ही इतक्या लवकर कशा पोचलात?"

"तुमचीच वाट बघत होते," बाई म्हणाल्या. तो हसला. त्याला ते थट्टेचं वाटलं.

असे दिवस चालले होते. मग एका सकाळी लंबूंनी मला बाईंच्या हातात दिलं आणि हात मागे घेतलाच नाही.

"मी चाललोय, बाई. दुसरीकडे नोकरी घेतली."

"का हो? इथे काय कमी पडलं?"

"लग्न ठरलंय. ती विचारते, महिन्यातले दहा दिवस तुम्ही घरात असूनही नसता, ते कोणाच्या खात्यावर? मला सांगता येईना. तिकडे थांबायचेही पैसे देतात. फोन वाजो, न वाजो."

लंबू गेले. दुसरं कोणी येईना. येणारा मुलाखतीत पहिला प्रश्न विचारायचा, "ऑन-कॉलचं काय देता?" आणि उत्तर ऐकून चहा अर्धा ठेवून निघायचा. तिघांचं ओझं दोघांवर आलं. दिवसाआड मी थोरल्यांकडे, दिवसाआड बाईंकडे.

तेव्हा बाई व्यवस्थापक साहेबांकडे गेल्या. मी कमरेलाच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. साहेब वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या खोलीतला पंखाही ते बाहेर पडताना न विसरता बंद करायचे. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरत नव्हती.

"डॉक्टरबाई, परवा फोन वाजला?"

"नाही."

"तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"जेवलात? झोपलात? मुलीचा अभ्यास घेतलात? मग याला मी काम कसं म्हणू? घरी बसण्याचे पैसे जगात कोण देतं?"

"साहेब, आगीचा बंब रोज बाहेर पडतो का? त्यावरची माणसं पत्ते खेळत बसतात, तरी त्यांचा पगार कोणी कापत नाही. का? कारण ती तिथे आहेत म्हणून आपण निवांत झोपतो. तो हमाल वाचला तो माझ्या धावण्यामुळे असं तुम्हाला वाटतं. धावण्याचे पैसे तुम्ही दिलेत. पण मी थांबलेलीच नसते, तर धावले कुठून असते?"

साहेब म्हणाले, "आपलं सेवेचं क्षेत्र आहे, बाई."

"वीज कंपनीला सांगा तसं. बिल माफ करते का बघा."

चहाच्या खोलीत हे थोरल्यांच्या कानावर गेलं आणि त्यांना ते रुचलं नाही. "आमच्या उमेदीत असं कोणी मागितलं नाही," ते कपातला चहा उगाच ढवळत म्हणाले. "लोक काय म्हणतील? डॉक्टर घरी बसून पैसे खातात म्हणतील."

"लोकांना मी समजावीन. आधी तुम्हाला समजावता आलं तर बरं," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मला हातात देताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हती. दोघांच्या मध्ये सापडणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

पण शरीर कोणाचंच ऐकत नाही. थोरल्यांना हर्निया झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचे हर्निया शिवले आणि स्वतःचा मात्र पट्टा बांधून लपवत राहिले. शेवटी काकूंनी पट्टा पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. ऑपरेशन कोणाकडून करून घ्यायचं? बाहेरगावी मोठे मोठे ओळखीचे होते. थोरले म्हणाले, "आमच्या बाई आहेत की." भांडण एकीकडे, विश्वास एकीकडे. बाईंनी त्यांचं पोट असं शिवलं की सिस्टर म्हणाल्या, "जपून ठेवायची साडी रफू करावी तसं."

आता महिना-दीड महिना थोरले घरी. साहेब बाईंना म्हणाले, "एवढे दिवस तेवढं रोज सांभाळून घ्या."

"माझे दिवस मी सांभाळीन. त्यांचे नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसाआड. सलग महिनाभर जागरणाने पिंजलेल्या हातात मी कोणाचं पोट देणार नाही. तुमचंही नाही."

साहेबांनी खूप हातपाय मारले आणि शेवटी शहरातून एक बदली सर्जन आणले. या पाहुण्या डॉक्टरांची सोय रुग्णालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत झाली. भला माणूस. मला मेजावर ठेवायचा, पाय लांब करायचा आणि रहस्यकथा वाचायचा. मी वाजलो की पुस्तकात खूण ठेवून तडक उठायचा. हात चांगला होता.

एका सकाळी तो मला बाईंकडे देत असताना बाईंनी सहज विचारलं, "कंटाळला असाल. काल वाजला नाही म्हणे."

"कंटाळा कसला? वाजो न वाजो, माझा दर तोच. मी आधी वेळ विकतो, हात नंतर." तो हसला. "तुम्हाला किती देतात थांबायचे?"

"काही नाही."

त्याने उचललेला कप खाली ठेवला. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाईंचा आवाज शांत होता. पण मी त्यांच्या मुठीत होतो. माझी बटणं दबली, तीन-चार आकडे उगाच उमटले. म्हणजे थांबण्याला पैसे देता येत होते. तेच साहेब, तीच तिजोरी. फक्त दाराबाहेरून आलेल्या माणसाचं थांबणं हे काम होतं आणि घरच्या माणसाचं थांबणं म्हणजे आराम. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच.

बाई तिथून साहेबांकडे गेल्या नाहीत. टाके पाहायच्या निमित्ताने थोरल्यांच्या घरी गेल्या. टाके पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि मग साध्या शब्दांत सगळं सांगितलं. थोरले उशीला टेकून ऐकत होते.

"म्हणजे मी फुकट थांबत राहिलो," ते म्हणाले, "म्हणून त्यांना वाटलं की थांबणं फुकटच असतं."

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. "एकटे तुम्हीच थांबलात का? माझा भाऊ परदेशी निघाला तेव्हा स्टेशनवर मी एकटी. शेजारणीच्या मुलीच्या लग्नात मी एकटी. लोक विचारायचे, डॉक्टर कुठे? मी सांगायची, कामात आहेत. घरात तुम्ही आरामखुर्चीत बसलेले असायचात, तरी मी 'कामात आहेत' म्हणायची. मला कळत होतं ते काम आहे. तुम्हालाच कळत नव्हतं."

थोरल्यांनी हात पुढे केला. काकूंना वाटलं, चहा हवाय. त्यांनी काकूंचा हातच धरला. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

थोरले कामावर परतले तो पहिला दिवस नेमका विश्वस्त मंडळाच्या बैठकीचा. मी त्यांच्या खिशात होतो. लांब टेबल, पाण्याचे पेले, अध्यक्षस्थानी एक वयस्कर बाई, कापडगिरणीच्या मालकीण. आमच्या डॉक्टरबाई उभ्या राहिल्या आणि आढेवेढे न घेता बोलल्या. थांबण्याच्या प्रत्येक दिवसाचा मोबदला हवा, मी वाजलो तरी आणि नाही वाजलो तरी. रात्रभर ऑपरेशन केलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी हवी. आणि बाहेरच्याला जो दर, तोच घरच्याला.

एक विश्वस्त म्हणाले, "आज तुम्ही मागताय. उद्या भूल देणारे मागतील, परवा सिस्टर मागतील."

"मागू देत की. तेही थांबतात. त्यांनाही द्या."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि मंडळाने नाही म्हटलं तर?"

"तर करारात आहे तशी रीतसर नोटीस देईन आणि नुसती दिवसाची नोकरी शोधीन. दारात आलेल्या माणसाकडे मी पाठ फिरवणार नाही, साहेब. ते मला जमायचं नाही, आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. इतकी वर्षं तुम्ही त्याच भांडवलावर भागवलंत. ते भांडवल आता संपलं."

तेव्हा थोरले उठले. त्यांनी मला खिशातून काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"आज माझा दिवस आहे," ते म्हणाले. "बैठक संपेपर्यंत हा इथे राहू दे. वाजला तर मला ताबडतोब जावं लागेल, तेव्हा आवाजाकडे जरा सगळ्यांनीच लक्ष ठेवा."

बैठक पुढे सुरू झाली. पण काय सांगू! जो तो माझ्याकडे बघायचा. बोलता बोलता एक विश्वस्त थांबले, "वाजला का?" नव्हतो वाजलो. खुर्ची सरकली, दोघं दचकले. छपराच्या दुरुस्तीचा विषय निघाला, तर कोणाचं मन लागेना. एकाने पेला उचलला आणि न पिता ठेवला. साहेब पंख्याचा आवाज कमी करायला उठले. मी मात्र ढिम्म. इतका गप्प मी कधी बसलो नसेन, आणि इतकं काम कधी केलं नसेन.

शेवटी अध्यक्षबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. "अहो डॉक्टर, हे असंच असतं का रोज?"

"रोज नाही," थोरले म्हणाले. "दिवसाआड."

सगळं एका बैठकीत मिळालं असं सांगितलं तर खोटं होईल. आधी मंडळाने निम्मा दर देऊ केला. बाईंनी कागद परत सरकवला. "मी अर्धी थांबत नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा बैठक, पुन्हा कागद. या वेळी थोरल्यांनी नोटिशीचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून बाईंच्या मसुद्याशेजारी ठेवला. निवृत्तीला आलेल्या माणसाची नोटीस ती केवढी, पण साहेबांच्या कपाळाला घाम आला. शेवटी सुट्टीच्या दिवसांना पाहुण्या डॉक्टरांइतका दर मिळाला, इतर दिवसांना थोडा कमी. जागरणानंतरची सुट्टी मिळाली. भूल देणाऱ्यांचा आणि सिस्टरांचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

सही करताना बाई साहेबांना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा बसू." साहेब म्हणाले, "त्याची मला खात्रीच आहे." आणि पहिल्यांदाच दोघं एकाच वेळी हसले.

नवी जाहिरात निघाली, तेव्हा पहिल्याच मुलाखतीत तिसरी सर्जन मिळाली. तिने चहा पूर्ण संपवला.

मी आता म्हातारा झालोय. पाठ फुगली आहे, चार्ज टिकत नाही, पाचाचं बटण दोनदा दाबावं लागतं. माझ्या जागी नवा फोन आलाय. त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून झाली. वाईट वाटत नाही. ज्याच्यावर माणसांचे जीव टांगलेले, तो धडधाकटच हवा.

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्याही गावात आत्ता कोणीतरी ताटावर बसून कान टवकारून आहे, कोणीतरी पाहुण्यांत असून नसल्यासारखं आहे. कदाचित आज फोन येणारही नाही. तुम्हाला काही झालं नाही म्हणून तो आला नाही, यात आनंदच आहे. पण त्या माणसाला रिकामटेकडं म्हणू नका. त्याने आपला दिवस तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवलाय. त्याचं मोल द्या, आणि ते देणाऱ्यांनी उपकार केले असं समजू नका.

चहाच्या खोलीत सिस्टर मला बंद करायला आल्या होत्या. बाईंनी त्यांना थांबवलं. "आधी नवा नीट लागतो का ते बघू दे." त्यांनी मला उचललं आणि माझ्यावरून नव्याचा नंबर फिरवला. पाचाचं बटण दोनदा दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग टेबलाच्या पलीकडून तो खणखणीत वाजला, आणि ती नवी सर्जन चहाचा कप ठेवून ताडकन उभी राहिली.

"बस गं, बस," बाई म्हणाल्या. "पण उठलीस ते बरं केलंस."

मग त्यांचं बोट माझ्या लाल बटणावर आलं.

येतो मी.